अंगावर काढलेले दुखणे

‘दुखणे अंगावर काढणे’ हा मराठीतील वाक्प्रचार बहुधा स्त्रियांच्याच संदर्भात ऐकू येतो, आणि हा काही भाषेचा योगायोग नव्हे. घरातील प्रत्येकाचे पथ्यपाणी सांभाळणारी गृहिणी स्वतःच्या प्रकृतीकडे सर्वांत शेवटी पाहते. त्यातून ते दुखणे मासिक पाळीचे असले, तर बोलण्याचाही संकोच. “या वयात असे व्हायचेच,” एवढे वडीलधाऱ्या बायकांचे सांत्वन तिला पुरे होते. या मौनाआड पुष्कळदा दडलेली असते ती गर्भाशयातील गाठ.

गर्भाशय म्हणजे मुठीएवढा, जाड स्नायूंच्या भिंतीचा पोकळ अवयव. या भिंतीतील एखादी स्नायूपेशी वाजवीपेक्षा अधिक वाढू लागते आणि तिच्यापासून तंतूंनी घट्ट विणलेला गोळा तयार होतो. यालाच वैद्यकात ‘फायब्रॉइड’ म्हणतात. तो वाटाण्याएवढा असतो, तसा कलिंगडाएवढाही होऊ शकतो. कधी एकटा, तर कधी अनेक. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके त्याचे पोषण करतात. म्हणूनच पाळी कायमची थांबल्यावर या गाठी बहुधा आपोआप आक्रसतात. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांत त्या निर्माण होतात. मात्र बहुतेकींना त्यांचा पत्ताही लागत नाही. आणि ज्या शब्दाने घराचे काळीज हलते, तो कर्करोग म्हणजे ही गाठ नव्हे. तशा स्वरूपाची गाठ निघणे अत्यंत विरळा.

गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती कोठे आहे, याला अनेकदा अधिक महत्त्व असते. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला वाढलेली गाठ मूत्राशयावर दाब आणते, मग लघवीला वारंवार जावे लागते. मागे आतड्यावर दाब पडला, तर मलावरोध होतो. उलट, पोकळीत डोकावणारी बोराएवढी गाठही रक्तस्रावाचा कहर करते, क्वचित गर्भधारणेच्या आड येते.

खरे नुकसान होते ते या रक्तस्रावाने. पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० च्या पुढे गेले की तो अतिस्राव. दर तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे, आठवडा उलटूनही पाळी न थांबणे, ही त्याची घरात ओळखता येणारी लक्षणे होत. मग जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचे म्हणतात, “हल्ली हिला कामाचा कंटाळा येतो.” २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याला आहारादी अनेक कारणे आहेत. पण जिथे स्राव हेच कारण, तिथे तो न थांबवता लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

निदान सोपे आहे. बहुधा एका सोनोग्राफीत गाठ दिसते. त्रास नसेल तर तिच्यावर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. स्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत; संप्रेरकयुक्त साधन गर्भाशयात बसविता येते; गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येतो; आणि गर्भाशय राखून नुसती गाठही काढता येते. या शेवटच्या शस्त्रक्रियेचा लंडनचे शल्यवैद्य व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिरिरीने पुरस्कार केला. त्यामागे घरचे दुःख होते: त्यांच्या पत्नीचे गर्भाशय याच विकारापायी काढावे लागले होते आणि ते दांपत्य अपत्यहीन राहिले.

असे असूनही ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. काही स्त्रियांना ही शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक असते आणि ती त्यांना नवे आयुष्य देते. परंतु २०१९ साली बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये ऐन तारुण्यातच काढली गेल्याचे उजेडात आले, तेव्हा राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. एक दिवसाचा खाडा म्हणजे दंड, अशा जिण्यात पाळी हीच अडचण ठरली होती. अकाली शस्त्रक्रियेत बीजकोशही गेले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला.

वर्षानुवर्षे सोसणे आणि एका दिवसात पिशवी काढून मोकळे होणे, ही दोन टोके दिसतात. परंतु त्यांचे मूळ एकच. दोन्हीकडे त्या स्त्रीला कोणी नीट विचारलेले नसते आणि नीट समजावूनही सांगितलेले नसते. गाठ कोठे आहे, तिच्यावर कोणकोणते उपाय आहेत, आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे तीन प्रश्न वैद्यांना विचारण्याचा तिला पुरता अधिकार आहे. ते विचारताना घरातील एखादे माणूस शेजारी बसले, तर अर्धे दुखणे तेथेच हलके होईल.