बांधावरचे गवत ओळखा



लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी ही आपली नावाजलेली जनावरे. ती जे खातात ते मात्र आपण नुसते 'गवत' म्हणून सोडून देतो. ओळख चुकली, तर चांगला चारा जातो आणि तण राहते.

प्रथम दांडा दोन बोटांत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा. ते खरे गवत नव्हे. नुसते वरून उपटून तो जात नाही. जमिनीतील गाठी वेचाव्या लागतात.

दांडा गोल असेल तर पेरे पाहा. पेरावर पांढऱ्या केसांचे कडे आणि शेंड्याला बोटांसारखे तुरे असतील, तर ते मारवेल. हा उत्तम देशी चारा बांधावर जरूर राखावा.

एकच तुरा व त्यावर एकमेकांत गुंतलेली पिळदार कुसळे दिसली, तर ती कुसळी. हेही देशीच, पण पक्व कुसळे जनावरांच्या तोंडाला आणि मेंढ्यांच्या कातडीला टोचतात. म्हणून कुसळे धरण्यापूर्वीच कापणी करावी.

मोठे ठोंब, रुंद पाने आणि मोकळा पसरट तुरा ही गिनी गवताची खूण. ते मूळचे आफ्रिकेतील, पण चाऱ्यास चांगले.

गाजर गवत मात्र नावाचेच गवत. पाने गाजरासारखी, फुले बारीक पांढरी. अमेरिका खंडातील हे तण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात आढळले. हातमोजे घालून, फुलण्यापूर्वी ते मुळासकट उपटावे.

तेव्हा आधी दांडा, पेर व तुरा पाहा. मगच विळा चालवा.