अचूकता आणि किफायत : लघुउद्योगाची कसोटी

बंगळुरूच्या दक्षिणेकडील आनेकल तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहती आहेत. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या अशा वसाहतींतील छोट्या मशीन शॉपपुढे एक प्रश्न नेहमीच असतो : अचूकता किती साधावी आणि नफा कसा राखावा?

२५ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचे उदाहरण पाहावे. बेअरिंग बसते त्या जागी व्यासात साधारणतः १३ मायक्रॉनचीच तफावत चालते. म्हणून तेथे ग्राइंडिंग आवश्यक ठरते. जो भाग कशातही बसवायचा नसतो, तेथे ०.२ मिलिमीटर कमी-अधिक चालू शकते. त्यासाठी लेथवरील काम पुरेसे होते. संपूर्ण शाफ्टच ग्राइंड केल्यास कारागिराला समाधान मिळते, परंतु त्या जादा वेळेचे मोल ग्राहक देत नाही. उलट बेअरिंगच्या जागी हयगय झाल्यास माल परत येतो आणि पुढील कामही हातचे जाते. आराखड्याने मागितलेली अचूकता प्रत्येक नगात देणे, हीच खरी गुणवत्ता होय.

२०१६ साली सुरू झालेल्या आणि २०२२ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या केंद्राच्या ‘झेड’ योजनेचे सूत्रही ‘उत्पादनात शून्य दोष, पर्यावरणावर शून्य दुष्परिणाम’ असे आहे. नव्या स्वरूपात प्रमाणपत्राच्या शुल्कावर सूक्ष्म उद्योगांना ८०, लघुउद्योगांना ६०, तर मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान ठेवण्यात आले.

मात्र मोजमापाची चांगली उपकरणे घेण्यास हाती पैसा लागतो. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांची देयके कमाल ४५ दिवसांत चुकती करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. अचूकतेची अपेक्षा करणाऱ्याने देयकातही तितकेच काटेकोर असावे.