‘मार्केटचा दरच तसा आहे’



मार्क्सवर व्याख्यान म्हटलं की श्रोते क्रांती, रशिया आणि लाल बावट्याची वाट पाहतात. आज ते बाजूला ठेवू. ‘भांडवल’चा पहिला खंड १८६७ साली निघाला. त्याचं उपशीर्षक आहे ‘राजकीय अर्थशास्त्राची चिकित्सा’. या उपशीर्षकाबद्दलच मला बोलायचं आहे.

आपल्या कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचं कॉस्टिंग घ्या. पिग आयर्न, भंगार, वाळू, वीज, लेबर. आणि शेवटी कास्टिंगचा किलोमागे दर. यातली एकही नोंद खोटी नाही. ॲडम स्मिथ (१७७६) आणि रिकार्डो (१८१७) या कागदामागे गेले आणि मूल्याचा उगम श्रमात आहे इथपर्यंत पोचले. पण मजुरी, नफा आणि जमिनीचा खंड त्यांना पावसापाण्याइतके नैसर्गिक वाटले. मार्क्सनं विचारलं: माणूस खर्चाची एक ओळ होतो, तो कोणत्या समाजात?

आता पेच पाहा. मजुरी ही श्रमाची किंमत असेल आणि ती पुरती चुकती होत असेल, तर नफा येतो कुठून? मार्क्सचं उत्तर असं: कामगार श्रम विकत नाही, ठरावीक वेळेपुरती श्रमशक्ती विकतो. भट्टीपुढच्या माणसाची हजेरी ठरते ती खोलीचं भाडं, जेवण, मुलांची शाळा यांवरून. आठ तासांच्या पाळीत मजुरीइतकं मूल्य त्यानं पाच तासांत घातलं असं धरा. उरलेल्या तीन तासांत तयार होतं ते अतिरिक्त मूल्य. पगाराच्या स्लिपवर मात्र आठही तासांचा दाम दिलेला दिसतो. सौदा बाजारभावानं झाला, कुणी कुणाला फसवलं नाही. म्हणूनच तर चिकित्सा लागते.

यात मालकाला खलनायक करू नका. व्यक्तींचा विचार आपण आर्थिक नात्यांचे प्रतिनिधी म्हणूनच करतो, असं मार्क्सनं प्रस्तावनेतच बजावलं आहे. छोट्या फाउंड्रीवाल्याकडे मोठं गिऱ्हाईक दर पाडून मागतं. वीज महागली की इथले उद्योजक शेजारच्या कर्नाटकात जाण्याची भाषा करतात. हा सगळा दाब शेवटी पाळीवर आणि कंत्राटी हजेरीवर उतरतो.

पण आपल्याकडे एवढ्यानं भागत नाही. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त दाखवलं. भट्टीपाशी कोण, फेटलिंगच्या धुळीत कोण आणि टेबलामागे कोण, हे विचारताना जात आणि प्रांतही विचारावे लागतात.

तेव्हा ‘मार्केटचा दरच तसा आहे’ असं कुणी म्हणालं, तर तो दर कुणी, कुणाशी आणि कोणत्या अटीवर ठरवला, एवढं जरूर विचारा. मार्क्स पटो न पटो, हा प्रश्न टाळणारं अर्थशास्त्र अपुरंच आहे.