दिवसाउजेडी बसलेलं घुबड

पक्षिगणनेला माणूस यादी घेऊन जातो. यादीतलं नाव त्याला चटकन दिसतं. यादीबाहेरचं काही दिसलं, तर तो ते ओळखीच्या पक्ष्याच्या नावावर टाकून मोकळा होतो. रानपिंगळा या घुबडाचं असंच झालं असावं, असं मला वाटतं. आपल्या गावातला साधा पिंगळा त्याचा चुलतभाऊच.

पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच जमले. शेवटचे 1880 च्या दशकात, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात मिळवले. पुढे सगळं सामसूम. अपवाद एकच, ब्रिटिश पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्टझहागन यांचा नमुना. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं : 1914, तापीकाठचं मांडवी, गुजरात. कर्नलसाहेबांचा शब्द, शंका कोण घेणार? शोधणारे मांडवीकडे गेले आणि रिकाम्या हातांनी परतले.

पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी मात्र शंका घेतली. एक्स-रे काढून त्या नमुन्याची आतली बांधणी तपासली, तर भरण्याची पद्धत डेव्हिडसनची निघाली! ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसनचा नमुना चोरून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. या एका चिठ्ठीने शोधाची वाट चुकवली. नोंदवहीतली कोरी जागा परवडली असती.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवी वगळली आणि जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला. 25 नोव्हेंबर 1997 ला सकाळी, शहाद्याजवळच्या जंगलात, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंख-शेपटीवर ठसठशीत पट्टे, पायांवर पांढरी दाट पिसं, नखं दणकट. आणि हे घुबड दिवसा शिकार करतं, उघड्या फांदीवर शेपटी हलवत बसतं. घुबड म्हणजे रात्रीचं, हे आपण गृहीत धरलेलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तो सापडतच गेला. तोरणमाळ, यावल, मेळघाट, शेजारच्या मध्य प्रदेशात खंडवा. 2014 मध्ये तर तानसा अभयारण्यात, ज्या तलावाचं पाणी मुंबई पिते त्याच्या परिसरात! सातपुड्याचा म्हणून ओळखला जाणारा पक्षी सह्याद्रीच्या पायथ्याशी. तानसात मुंबईकर वर्षानुवर्षं भटकत होते.

असो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने 2018 मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं, याचं मुख्य कारण म्हणजे नवी ठिकाणं कळली. सागाची तोड आणि जंगलातलं अतिक्रमण मात्र तसंच आहे.

तुम्ही उद्या गणनेला जाल, तेव्हा पिंगळा दिसला तरी दुर्बीण एकदा त्याच्या डोक्यावर नीट लावा. फोटो काढा, तारीख, वेळ आणि ठिकाण तिथल्या तिथे लिहा. आवाज लावून त्याला बोलावू नका. आणि खात्री नसेल, तर वहीत तसंच स्वच्छ लिहा.