जुना पीकोट घेताय? आधी टेप काढा

आजचा विषय पीकोट. अमेरिकन नौदलाच्या खलाशांचा तो गडद निळा, जाड लोकरीचा, दोन रांगा बटणांचा आखूड कोट. थंड देशात शिकायला गेलेली आपली मंडळी तो सेकंडहँड शोधतात, लेबलवरचा ४० आकडा बघतात आणि पैसे भरून मोकळी होतात. थांबा जरा!

तो आकडा घालणाऱ्याच्या छातीचा, इंचात. कोट त्याहून मोठाच असतो, कारण आत लोकरीचा गणवेश असायचा. म्हणून विक्रेत्याकडून काखेपासून काखेपर्यंतचं माप मागा. मग स्वेटरवर नीट बसणारं तुमचं जॅकेट पलंगावर पसरून मोजा आणि दोन्ही आकडे ताडून बघा. खांद्याचं मापही घ्याच. बाही कुठलाही टेलर आखूड करून देईल, पण खांदा उसवायला लागलात तर खर्च कोटाइतकाच व्हायचा.

आता कुठल्या काळातला? दुसऱ्या महायुद्धातले कोट कर्सी नावाच्या घट्ट कापडाचे. खिशांना आतून कॉर्डरॉय, हात घातला की मऊ लागतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी मेल्टन कापड आलं, तेही शुद्ध लोकर, फक्त जरा मऊ. मला विचाराल तर रोज घालायला हेच घ्या. कंबरेत बेताचा, मुंढा वर घेतलेला, त्यामुळे बसचा दांडा धरला तरी अख्खा कोट वर चढत नाही. पुढे १९८० च्या दशकात लोकरीत इतर धागे मिसळले. ते कोट स्वस्त मिळतात, पण मला त्यांत ती मजा वाटत नाही.

साल कसं ओळखायचं? आतल्या लेबलवर 'डीएसए १००-६८' असं काही दिसलं, तर ६८ म्हणजे १९६८ चं सरकारी आर्थिक वर्ष. १९७७ मध्ये त्या खात्याचं नाव बदललं, म्हणून नंतरच्या लेबलांवर 'डीएलए'. लेबलच नसेल तर विक्रेत्याच्या 'ओरिजिनल, वर्ल्ड वॉर' वर जाऊ नका. नांगराची बटणं काय, फॅशनवाल्या कोटांनाही असतात.

आणि हो, कसर! कोट खिडकीसमोर धरून फोटो पाठवायला सांगा. भोकं असतील तर त्यातून उजेड दिसतो.