बिघडलेला दिवा कोण उघडणार?



अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाचं ‘बेअरफूट कॉलेज’ आपण ऐकून आहात. बंकर रॉय यांनी ते १९७२ मध्ये सुरू केलं, हा इतिहास सांगण्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की गरिबाच्या घरात सौरदिवा लावून आलो म्हणजे काम निम्मंही झालं नाही. तो बिघडल्यावर उघडणारं माणूस त्याच गावात हवं.

पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतं. ॲसिडच्या बॅटरीचं तसं नाही. पाणी घालायचं राहिलं, रोज पार संपेपर्यंत वापरली, की ती काही वर्षांत बसते. कधी सर्किटमधला किरकोळ भाग जळतो. त्यासाठी तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. मग दिवा फळीवर जातो आणि रॉकेलची चिमणी पुन्हा पेटते. वाटपाचा फोटो तेवढा अहवालात राहतो.

तिलोनियानं हे दुरुस्तीचं काम आज्यांकडे दिलं. (हशा) हसा, पण कारणही ऐका. तरुणाच्या हाती प्रमाणपत्र पडलं की तो शहर गाठतो, हा रॉय यांचा अनुभव. नातवंडांत रमलेली बाई गाव सोडत नाही. आफ्रिकेतल्या खेड्यांतून अशा बायका सहा महिन्यांसाठी तिलोनियात येत. भारत सरकारच्या ‘आयटेक’ योजनेतून त्यांचा खर्च होत असे.

आता बघा, एका टेबलाभोवती चार देशांच्या बायका. एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही, कित्येकींना अक्षरओळख नाही. शिकवायचं कसं? रंगांनी आणि हातवाऱ्यांनी. रेझिस्टर पाहिलाय ना कुणी? तांदळाएवढा असतो, अंगावर रंगीत पट्टे. तपकिरी म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य, आणि तिसरा पट्टा लाल असेल तर पुढे दोन शून्यं. झाले हजार ओहम! हे पट्टे जगभर सारखेच. इंजिनिअरिंगची मुलं जे पाठ करतात, तेच ही बाई नजरेनं ओळखते आणि हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन टाका घालते. तिला अडाणी म्हणणं मला तरी जमणार नाही. (टाळ्या)

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली आहेत. मग खेड्यांची नावं सोडतो, पैशाचं सांगतो.

‘गरिबाकडून पैसे का घ्यायचे?’ असं मागून कुणी तरी विचारलं. अहो, तो आजही देतोच आहे, रॉकेलला, मेणबत्त्यांना, टॉर्चच्या सेलांना! या बायकांच्या गावांत गावाची समिती साधारण तेवढीच रक्कम दरमहा घरटी ठरवते. त्यातून दुरुस्ती करणारीला मेहनताना मिळतो, सुटे भाग येतात. फुकट दिव्याची दुरुस्ती मात्र कुणाच्याच अंगावर नसते. हे सांगण्यात दात्याचा अपमान नाही. दात्याचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणूनच मी भांडतोय.

आपलं मंडळ यंदा एका पाड्यावर दिवे देणार आहे, असं आताच कळलं. फार चांगलं. पण दिवे थोडे कमी घ्या. उरलेल्या पैशात एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि जास्तीच्या बॅटऱ्या घ्या, आणि शिकायला तयार असलेल्या पाड्यावरच्या दोन बायकांची नावं आधी लिहून आणा. ऑर्डर त्यानंतर द्या.