देणे आणि कर्तव्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी अकोले येथे केलेले भाषण)



गेले वर्षभर मी नातीबरोबर स्पॅनिश भाषा शिकते आहे. या वयात हे कशाला, असे पुष्कळजणी म्हणतील. पण परकी भाषा शिकताना आपल्याच शब्दांकडे नव्याने लक्ष जाते, हा लाभ मला झाला. तोच आपल्यापुढे ठेवते.

स्पॅनिशमध्ये ‘देबेर’ असे क्रियापद आहे. ‘देबो दिनेरो’ म्हणजे मी पैसे देणे लागते, आणि ‘देबो इर’ म्हणजे मला गेले पाहिजे. देणे आणि कर्तव्य या दोहोंना शब्द एकच! नवल वाटले, पण आपणही ‘समाजाचे देणे लागतो’ असे म्हणतोच की. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपला ‘पगार’ हा तिच्या शेजारीण भाषेकडून, पोर्तुगीजकडून, आला आहे. तिकडच्या दुकानांतही ‘आज उधार नाही, उद्या आहे’ अशी पाटी असते म्हणे. आपले वाणी ‘आज रोख, उद्या उधार’ लिहितात, त्याचीच ही बहीण!

कर्ज, जामीन, वसूल हे आपले शब्दही अरबी-फारसीतून आलेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी हे टिकून राहिले. पण शब्द तोंडात रुळला म्हणजे त्याचा अर्थ कळलाच, असे नाही.

जामीनदाराला स्पॅनिशमध्ये ‘फियादोर’ म्हणतात. त्याच्या मुळाशी विश्वास आहे. आपल्याकडेही विश्वासाचीच भाषा होते. “वहिनी, नुसती सही हवी. घरचेच काम आहे.” दिराला नाही कसे म्हणावे? माझ्या एका मैत्रिणीने अशीच सही केली. आपण साक्षीदार आहोत, अशी तिची समजूत. पुढे हप्ते थकले आणि नोटीस तिच्या नावाने आली. बिचारीने मंगळसूत्राखेरीज सारे सोने मोडले.

भगिनींनो, साक्षीदार म्हणजे सही पाहिली असे सांगणारा, आणि जामीनदार म्हणजे पैसे भरणारा. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे वसुली करून मगच जामीनदाराकडे यावे, अशी सक्तीही धनकोवर सहसा नसते.

नात्याचे कर्तव्य पाळावे, माझे त्याला दुमत नाही. पण कर्तव्य आणि देणे हे दोन अर्थ सहीच्या वेळी वेगळे करता आले पाहिजेत. मुद्दल किती, व्याज कोणत्या दराने, मुदत किती, आणि हप्ता चुकला तर कोणी भरायचा, एवढे विचारावे. कागद वाचून घ्यावा, प्रत मागावी. आणि हे सारे मलाच भरावे लागले तर झेपेल का, हे मनाशी ठरवावे. आपण अगस्ती ऋषींच्या गावात राहतो खऱ्या, पण समुद्र एका आचमनात पिणे त्यांनाच साधले. कर्जाचा समुद्र आपल्याला पिता यायचा नाही.

माझी एक सूचना आहे. मंडळाने एक वही घालावी आणि दर सभेत व्यवहारातला एक शब्द अर्थासह तीत लिहावा. पहिला शब्द ‘जामीनदार’ असावा. वही मी देते.